जुन्या वाड्याची माडी राहण्याजोगी करायची तर: माळवद उतरवण्यापासून संडासाच्या पाइपापर्यंत

अंबाजोगाई, उदगीर, पैठण, कंधार, आपल्याकडच्या कुठल्याबी जुन्या गावठाणात फिरा, असा एखादा वाडा दिसतोच की खाली म्हातारी माणसं राहायलीत आणि वरची माडी वर्षानुवर्षं कुलपात, आत मोडका पाळणा, जुन्या ट्रंका, पितळी भांडी आणि पारव्यांची घाण. त्याच घरातली कमावती पोरं मात्र गावाबाहेर प्लॉट घेऊन बँकेचे हप्ते भरायलीत. ती माडी नीट केली तर दोन बेडरूम, हॉल, किचन, संडास-बाथरूम असं आजच्या पद्धतीचं घर तिथं बसतंय, आणि आजोबा-पणजोबांनी लावलेलं सागवान पण वाचतंय. पण ते काम कुठल्या क्रमानं करायचं हे सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभंय. माडीवर जे काही कराल त्यानं वाड्यावरचं वजन कमी झालं पाहिजे, वाढता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेत गेली. त्यांना मारलं ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या जाड माळवदानं, म्हणजे लाकडावर मातीचा थर टाकून केलेल्या छतानं. माळवद गळायला लागलं की वर अजून एक थर माती टाकायची, परत गळलं की अजून एक, असं करत करत फूटभराचं माळवद दोन-अडीच फुटांचं झालेलं असतं. दाबून बसलेली कोरडी माती एका घनफुटाला साधारण ४५ ते ५० किलो भरते. दहा बाय तीसची माडी धरा आणि दीड फूट जाडीचं माळवद, म्हणजे वीस टनांच्या वर वजन झालं, आणि ते सगळं लाकडी खांबांवर आणि मातीच्या भिंतींवर. २००२ च्या भूकंप नकाशात किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये टाकला, २०२४ ला मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडं साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत लोकांना जाणवले. त्यामुळं "आपल्याकडं काय होतंय" असं म्हणून हा विषय सोडू नका.

आधी कागद

वाडा एकाचा कधीच नसतो. चुलते, आत्या, पुण्याला गेलेला चुलतभाऊ, सगळ्यांचा हिस्सा असतो आणि तुम्ही माडीवर पैसे घातले की सगळ्यांना वाडा आठवतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी वाटणीपत्र किंवा किमान संमतीपत्र करा आणि ते रजिस्टर करा, नुसत्या स्टॅम्पवर सह्या घेऊन थांबू नका. वर कुणाचा हक्क, खालचा चौक कुणाचा, जिन्याची वाट, आडाचं पाणी, ड्रेनेजची पाइप कुणाच्या हिश्शातून जाणार, हे सगळं त्यात लिहून घ्या. शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ. १९४८ च्या आधीचे निजाम काळातले कागद उर्दूत असतात, काही मोडीत पण असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्या, कारण हद्द आणि रस्त्याचा हक्क बऱ्याचदा तिथंच लिहिलेला असतो.

नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत असाल तर नकाशा मंजूर करून घ्या. आणि वाडा जर केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाजवळ असेल, म्हणजे दौलताबादचा किल्ला किंवा बीबी का मकबरा असं काही, तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती-नूतनीकरण मात्र अर्ज करून परवानगी घेऊन करता येतं, त्यामुळं नकाशावर "नवीन मजला" न लिहिता जे आहे त्याची दुरुस्ती अशीच मांडणी ठेवा आणि काम पण तेवढंच करा.

वाडा तपासणं

ह्याला घाई करू नका. आधी माडी पूर्ण रिकामी करून झाडून घ्या, मग एक टॉर्च, एक पेचकस, हातोडी आणि सुतळी घेऊन प्रत्येक खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, नीट बघा. तुळई मधे क्वचित कुजते, ती कुजते भिंतीत गेलेल्या टोकाला, कारण तिथं ओल साचते आणि वारा लागत नाही. टोकाजवळची माती थोडी उकरा आणि पेचकस दाबून बघा, चांगल्या सागवानात तो दोन-चार मिलिमीटरच्या वर जात नाही, कुजलेल्यात सहज आत जातो. हातोडीनं ठोकून ऐका, टणक आवाज आला तर बरं, भदभद आवाज आला तर आत पोकळ आहे. खांबाचा तळ पण असाच बघा, दगडी उखळीत बसलेला भाग. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसतील, आणि बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर ते भुंग्याचं काम आहे, दोन्हीचा इलाज वेगळा.

मग सुतळी ताणून झोळ मोजा. बारा फुटी तुळईला एखादा सेंटीमीटर झोळ असणं काळजीचं नाही, जुन्या लाकडाला तेवढा येतोच, पण चार-पाच सेंटीमीटर असेल किंवा लाकडाला खालच्या अंगाला आडवी चीर असेल तर तिला आधार लागणार. भिंतीच्या प्रत्येक भेगेवर प्लास्टरनं काचेची छोटी पट्टी चिकटवा आणि तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, आणि हलत्या भिंतीवर घर सजवण्यात अर्थ नाही.

ही सगळी माहिती घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं जा, आणि असा इंजिनिअर शोधा ज्यानं लाकूड आणि दगड-मातीच्या बांधकामाचं काम केलंय. नुसतं आरसीसी करणारा माणूस बघताक्षणी "पाडा आणि स्लॅब टाका" म्हणतो. आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५ ही अशा कमी ताकदीच्या बांधकामांसाठीची आणि त्यांच्या मजबुतीकरणाची भारतीय मानकं आहेत, ती त्याला माहिती आहेत का एवढं विचारलं तरी माणूस कळतो.

माळवद उतरवणं

सगळ्यात धोक्याचं काम हेच, आणि मजूर लोक हेच सगळ्यात घाईत करतात. पहिल्यांदा खाली प्रत्येक तुळईला धिरे, म्हणजे तात्पुरते उभे टेकू, लावा, आणि हे धिरे फक्त माडीच्या जमिनीवर टेकवू नका, त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावर पण धिरे पाहिजेत, म्हणजे भार थेट जमिनीत जाईल. खाली राहणाऱ्या माणसांना ते दिवस दुसरीकडं पाठवा. माती थराथरानं काढायची, पूर्ण छतावरून चार-सहा इंच, मग परत चार-सहा इंच. एका बाजूचं सगळं मोकळं करून दुसरी बाजू तशीच भरलेली ठेवली तर खांब-तुळया तिरक्या ओढल्या जातात, आणि काढलेल्या मातीचा ढीग छताच्या कोपऱ्यात करून ठेवणं तर अजिबात नको. टोपल्यांनी चौकात किंवा बाहेर उतरवा. शंभर वर्षांची धूळ असते, मास्क लागतोच.

उतरलेली पांढरी माती फेकू नका. चाळून काही गोण्या गिलाव्यासाठी ठेवा, उरलेली शेतकरी खुशीनं नेतात, गावाची पांढरी शेतात टाकायची रीत जुनीच आहे.

माती निघाली की खालचा कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांच्यावरच्या फळ्या, उघडा होतो आणि तेव्हाच खरी परिस्थिती कळते. प्रत्येक लाकडावर खडूनं नंबर घाला, फोटो काढा. कुजलेलं टोक कापून तिथं जुनंच सागवान जोडून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या-बोल्टनं आवळता येतं, अख्खी तुळई बदलायची गरज कमीच पडते. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड विकणारे बऱ्याच शहरांत आहेत, तेच घ्या, नवीन ओलं लाकूड वाळताना वाकतं. आणि नक्षीचे खांब मागणारे दलाल काम सुरू झालं की दारात येतात, त्यांना एकबी लाकूड देऊ नका. एक खांब गेला की त्या खणाचा भार शेजारच्यावर जातो.

खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं दोन्ही बाजूंनी तिरके आधार लावा, लाकडी किंवा लोखंडी अँगलचे, बोल्टनं पक्के. छताच्या पातळीत पण तिरक्या पट्ट्या मारून सगळ्या तुळया एकमेकींना बांधा. वजन उतरवल्यावर भूकंपासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

भिंती

आपल्याकडच्या दगडी भिंती दोन पदरी असतात, बाहेरून एक रांग, आतून एक रांग आणि मधे माती-खडी भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारे जोडदगड, म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, नसतील तर भिंतीला पोट येतं आणि एक दिवस बाहेरचा पदर सुटतो. उपाय असा की भिंतीतून आरपार भोक पाडायचं, दगड हळूच सब्बलीनं मोकळा करून, ड्रिलच्या दणक्यानं नाही, त्यात आठ मिलिमीटरची दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. उभ्यात दोन-दोन फुटांवर आणि आडव्यात चार-चार फुटांच्या आत असे जोड यावेत, आडव्या रांगा एकाखाली एक न घेता आळीपाळीनं. ज्या भागाला जास्त पोट आलंय तो धिरे लावून उतरवून परत रचावाच लागतो.

छताच्या खाली आणि दरवाजा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला लोखंडी जाळीवर सिमेंट मारलेला पट्टा भिंतींना सगळीकडून गुंडाळून घ्या. सिमेंट फक्त ह्या पट्ट्यापुरतं आणि त्या जोडांपुरतं, बाकी भिंतीला लावू नका, का ते गिलाव्यात सांगतो.

नवीन छत, आणि मे महिना

माळवदाची एक गोष्ट खरी होती, त्याच्याखाली थंड वाटायचं. ते काढून नुसते पत्रे ठोकले तर मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की माडीत उभं राहवत नाही. म्हणून छताचा विचार वजन आणि ऊन दोन्हीचा करा.

मला पटलेली पद्धत अशी: कडीपाट तसाच ठेवायचा, खालून दिसायला तोच सुंदर. त्याच्यावर वॉटरप्रूफ शीट, मग चार-सहा इंचांची हवेची पोकळी सोडून हलक्या लोखंडी फ्रेमवर ५० मिलिमीटरचे पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेले), थोडा उतार देऊन. पफ पॅनल एका चौरस फुटाला साधारण एक किलो भरतं, तिथंच आधी सत्तर किलोच्या वर माती होती. पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळी लावा म्हणजे गरम हवा निघून जाईल आणि पारवे आत येणार नाहीत. वरून पांढरा रंग.

पण हलकं छत वाऱ्यानं उडतं. वळवाच्या पावसाआधी सुटणारं वारं काय असतं ते सगळ्यांनी बघितलंय, लोक पत्र्यावर दगड ठेवतात आणि तेच दगड अंगावर येतात. फ्रेम तुळईला बोल्टनं, तुळई खांबाला पट्टीनं, आणि कडेची तुळई भिंतीत खोलवर सळईनं बांधलेली पाहिजे. भिंतीच्या वरच्या दोन थरात खोचलेला हूक पुरत नाही.

ज्यांना माळवदाचाच थंडावा हवाय आणि ज्यांचं लाकूड चांगलं आहे त्यांनी पाच इंचांपर्यंत माती ठेवावी, खाली जाड प्लास्टिक अंथरून, त्याच्यावर कधीच नवीन थर न टाकता. पाच इंच म्हणजे पण चौरस फुटाला वीस किलो होतात, इंजिनिअरनं हो म्हटलं तरच.

साणं बुजवू नका! जुन्या लोकांनी उजेडासाठी आणि धूर जायला छतात ते भोक ठेवलं होतं, त्याच्याभोवती नऊ इंचांचा कठडा उचलून वर काच बसवा आणि बाजूनं जाळी ठेवा. दुपारी हॉलमध्ये लाइट लावायची गरज पडत नाही आणि गरम हवा वरून निघून जाते.

जाड भिंती दिवसभराचं ऊन पिऊन रात्री आत सोडतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊलाच खिडक्या बंद करायच्या आणि रात्री सगळ्या उघड्या, समोरासमोर. त्यासाठी रात्री उघड्या ठेवता येतील अशा मजबूत जाळ्या-गज आत्ताच बसवा.

माडीची जमीन

माडीच्या जमिनीत पण माती भरलेली असते, ती पण काढा. राहत्या घराच्या खोलीसाठी मानकात चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, माणसं आणि सामान मिळून. आता बघा, इंचभर जाडीची शहाबादी फरशी आणि खाली दोन इंच माल धरला तर तेच १६० किलोच्या वर जातं, म्हणजे माणूस पाय ठेवायच्या आधीच तेवढ्या भाराच्या ऐंशी टक्के वजन जमिनीवर चढलेलं. तळमजल्यावर शहाबादी लै छान, माडीवर नको. पूर्वी पण जड धान्य खाली बळदात नाहीतर पेवात ठेवायचे, माडी बसण्या-उठण्यासाठी आणि हलक्या सामानासाठी असायची.

कड्यांवर १८-१९ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय स्क्रूनं घट्ट बसवा, त्यामुळं सगळी जमीन एकसंध होते आणि भूकंपात भिंतींना धरून ठेवते. खाली पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून प्लायखाली फेल्ट किंवा काथ्याची चटई, वरून लाकडी पट्ट्या किंवा व्हिनाइल. आतल्या खोल्यांसाठी विटांची भिंत अजिबात उचलू नका. हलक्या फ्रेमवर बोर्ड लावून पार्टिशन करा, मधे ग्लासवूल भरा.

माडीची उंची मोजून घ्या. राहायच्या खोलीला नियमात २.७५ मीटर धरलेत, जुन्या माडीत कडेला तेवढं मिळत नाही, तिथं कपाटं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू घ्या, उभं राहायचं ते मधल्या खणात.

जिना

भिंतीतला जुना जिना राहू द्या, त्याला हात लावू नका, पण गॅस सिलिंडर आणि म्हातारी माणसं त्यातून जात नाहीत. नवीन लोखंडी जिना चौकात किंवा परसाच्या बाजूनं घ्या, तीन फूट रुंद, पायरीची उंची सात इंचांच्या आसपास आणि पाय ठेवायला किमान दहा इंच. अकरा फूट चढायला साधारण एकोणीस पायऱ्या होतात, मधे एक वळण द्या. जमिनीतून भोक पाडावंच लागलं तर दोन कड्यांच्या मधे पाडा, तुळई कापायची नाही.

पाणी, संडास, बाथरूम

वाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. मातीच्या भिंतीला पाणी लागलं की ती आतून विरघळते आणि बाहेरून महिनोन्महिने काही दिसत नाही. माझं ठाम मत आहे की संडास-बाथरूम जुन्या लाकडावर बसवूच नये. परसाच्या बाजूला चार लोखंडी खांबांचा वेगळा मनोरा उभा करा, माडीच्या पातळीला बाथरूम, त्याच्या वरती टाकी, आणि किचनचं सिंक ह्या मनोऱ्याला लागून. हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते, ते वजन वाड्यावर नको. मनोरा आणि वाडा ह्यांच्यात दीड-दोन इंच फट ठेवा आणि ती रबर किंवा वाकणाऱ्या पत्र्यानं झाका, म्हणजे हलताना एकमेकांवर आपटणार नाहीत.

मनोऱ्याचा पाया खणताना मुरूम लागेपर्यंत जा. गावठाणाची पांढरी म्हणजे भरावाची जमीन, आणि गावाच्या कडेला असाल तर काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात फाटते, दोन्हीवर पाया टिकत नाही.

सगळे पाइप भिंतीच्या बाहेरून, क्लिपवर, दिसतील असे. भिंतीत खाच मारून पाइप गाडणारा प्लंबर असेल तर त्याला तिथंच थांबवा. पावसाचं पाणी जुन्या लाकडी पन्हाळीऐवजी मोठ्या पाइपानं खाली उतरवा आणि भिंतीपासून लांब सोडा, जमलं तर आडात, गाळून.

गिलावा

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, खार फुटतो, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात आणि मागची माती भुसभुशीत झालेली असते. आतून मातीचाच गिलावा करा: चाळलेली पांढरी माती, गव्हाचा भुसा, थोडं शेण, आठवडाभर भिजवून तुडवून मुरवायचं, मग हातानं लावायचं. तंतू घातल्यानं माती तडकत नाही हे आपल्याकडच्या लोकांना फार आधीपासून माहिती होतं, वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडलेत, त्यावरचं संशोधन २०१६ ला प्रसिद्ध झालं.

बाहेरून चुना. कळीचा चुना विरवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा, जास्त ठेवला तर अजून चांगला, मग एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि विटांचा भुगा मिळून. जुने कारागीर गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात, त्यांना घालू द्या. गिलावा झाल्यावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायला पाहिजे, उन्हात चुना वाळतो पण धरत नाही.

वायरिंग

लाकडाच्या घरात वायरिंग स्वस्तातलं करू नका. वायर पाइपमधून, भिंतीच्या वरून, आग लवकर न पकडणारी, चांगलं अर्थिंग, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. एसीचं बाहेरचं युनिट मनोऱ्यावर ठेवा, मातीच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकू नका.

काम कधी आणि कुणाकडून

दिवाळी झाली की सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चुना-मातीला सगळ्यात चांगला काळ, ऊन कमी आणि आडाला पाणी असतं. छत उघडं असताना ताडपत्री कायम हाताशी पाहिजे, २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं काय झालं ते आठवत असेलच. माती पूर्ण छतावरूनच थराथरानं उतरवायची, पण खालचं लाकूड एका वेळी एकाच खणाचं खोला, तो झाकून झाल्याशिवाय पुढचा नाही.

चौरस फुटाचा एकच रेट सांगणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नका, कारण माळवद उघडल्याशिवाय किती लाकूड खराब आहे ते त्यालाही कळत नाही. माळवद उतरवणं आणि लाकडाची दुरुस्ती रोजंदारीवर, बाकीचं मोजून. चुन्याचं काम येणारे गवंडी आता कमी राहिलेत, मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या कामावर चौकशी करा, तिथं असे लोक भेटतात, आणि तुमच्या गावातला एखादा तरुण गवंडी त्यांच्या हाताखाली लावून द्या, पुढं दुरुस्तीला तोच येणार आहे. पैसे कमी पडायला लागले तर मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग पुढच्या वर्षी करा, धिरे, जोडदगड आणि तिरक्या आधारांतून एक रुपया काढू नका.

राहायला गेल्यावर दरवर्षी मृगाच्या आधी छतावर जाऊन बोल्ट आवळा, पन्हाळी साफ करा, साण्याच्या काचेभोवतीचं सील बघा, खांबांच्या तळाशी वाळवीची नळी दिसतेय का ते टॉर्च मारून तपासा, आणि भेगांवरच्या काचेच्या पट्ट्या शाबूत आहेत का तेही बघून तारखेसकट वहीत लिहून ठेवा.